छातीच्या उंचीवर

अडावदच्या वर, केळीचे पाट संपून
जिथे मुरूम चपलेखाली बोलायला लागतो,
तिथे धुडकूआबांचं साडेचार एकर अंजन.
सातबाऱ्यावर एकच शब्द : पोटखराब.

मी गेले तेव्हा माझ्याकडे टेप होता,
चुन्याचा डबा, आणि नऊ रकान्यांचा छापील फॉर्म.
म्हटलं, आबा, घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा.
"कोनी छाती? तुनी का मनी?"
नियमात साडेचार फूट आहे.
आबा जेमतेम पाच फूट;
नियम त्यांच्या हनुवटीला लागला.

ते टेप धरत नाहीत.
झाडाला कवेत घेतात, बोटं कुठवर पोचली ते चाचपतात,
आणि सांगतात : सव्वा कव. पाऊण कव.
मी मागून मोजते. दोन इंचांचा फरक.
चूक बहुधा टेपाची.

आदल्या आठवड्यात चोपड्याचा व्यापारी येऊन गेला होता.
सगळं एकदम, उभं, रोख.
पुढच्या वर्षी बोअर, त्याच्या पुढच्या वर्षी केळी.
त्याने झाडं मोजली नव्हती, ट्रक मोजले होते.
मी त्याला वाईट म्हटलं नाही.
मी फक्त बसले एका खुंटाजवळ,
जिथून सात फुटवे एकदम उठले होते,
सातही बोटाएवढे, सातही उपाशी.
म्हटलं, यातला एक ठेवा.
सगळ्यात उंच तोच असं नाही,
जमिनीलगत घट्ट चिकटलेला बघा.
बाकीचे सहा चुलीला.
आबांनी कोयत्याने पाच घेतले.
सहावा मुठीत धरून बराच वेळ उभे राहिले.

होळीच्या आधी कडेचं गवत काढून
सहा हात पट्टा मोकळा ठेवायचा,
गुरांना पाला छाटताना शेंडा सोडायचा,
आणि वीतभर रोप दिसलं तर हसायचं नाही :
वर वीतभर असतं ते
खाली पुरुषभर उतरलेलं असतं.
हे शेवटचं मी पुस्तकात वाचलं होतं.
आबांनी विहीर खणताना पाहिलं होतं.

मग उत्तरेच्या कोपऱ्यातली वठलेली सलई.
ती राहू द्या, म्हटलं.
"मरेल झाड ठेवाले सांगी ऱ्हायनी का तू, ताई?"
ढोलीतून रानपिंगळ्याने मान वळवली, भर दुपारी,
आणि भाडेकरूने घरमालकाकडे पाहावं
तसं आबांकडे पाहिलं.
आबा म्हणाले, बरं.

आठ झाडांवर मी चुन्याचा पट्टा ओढला : ही काढा,
दाटी झालीय, यांच्या पैशात यंदाचं भागेल.
परवानगीला अडीच महिने,
मला चोपड्याचे सात खेटे.
फाल्गुनात परत गेले तर सात खुंट.
आठवं उभं, चुन्यासकट.
मी काही विचारायच्या आत
आबांनी बोट केलं खाली, हौदाकडे :
"धा वाजता बैलेसवर त्यानीच सावली येस."

नववा रकाना असतो : शेरा.
मी तो नेहमी कोरा सोडते.
या वेळी लिहिलं : सावली, सकाळी दहा, हौद.
साहेबांनी खाली लाल प्रश्नचिन्ह काढून
फॉर्म परत पाठवला.
तो अजून माझ्या पिशवीत आहे,
उत्तर लिहायला जागा नाही त्यावर.

चैत्रात अंजनाला तांबूस जोडपानं फुटली.
कुंपणापलीकडून गेमा बारेला विचारत होता,
त्याच्याही दोन एकरांचं असं काही होईल का,
आणि ताई, तो टेप आणलाय का?
मी पिशवीत हात घातला.
"टेप कसाले?" आबा म्हणाले. "हात सेतस ना."
आणि दोन्ही हात पसरून
त्याच्या पहिल्या झाडाकडे निघाले.